शाळेत आठवड्याला ७० मैल धावणारा मुलगा कॉलेजात पुढे जाईल का?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा १६ वर्षांचा, अमेरिकेत अकरावीत शिकतो (तिथे बारावीपर्यंत शाळाच असते). गेल्या उन्हाळ्यात त्याने आठवड्याचे मायलेज ४० मैलांवरून ७० वर नेले आणि ३२०० मीटरची वेळ ९:४० वरून ९:१२ वर आली. आता कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे फोन येऊ लागले आहेत. एक ओळखीचे प्रशिक्षक सांगतात की हा मुलगा शाळेतच संपेल, मायलेज निम्मे करा. दुसरे सांगतात की एवढे धावल्याशिवाय वर जाताच येत नाही. कोणाचे ऐकायचे? जाता जाता त्यांनी धाकट्या मुलीचाही उल्लेख केला आहे. ती नववीत आहे, १४ वर्षांची, आणि आठवड्याला ३५ मैल धावते.

मी आधी शाळेची मुले घडवली आणि नंतर कॉलेजच्या संघासोबत काम केले. दोन्हींची मिळून वीसहून जास्त वर्षे झाली. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही टोकांनी पाहिला आहे. ज्यांना शाळेत तयार करून पाठवले ती मुले पुढे कशी गेली हे पाहिले, आणि दुसऱ्यांनी तयार केलेली मुले हातात आल्यावर त्यांच्यात काय शिल्लक होते हेही पाहिले.

आधी थेट उत्तर देतो. जास्त मायलेज करून आलेली मुले कॉलेजात सुधारतात. त्यांची सुधारणा कमी मायलेजवाल्यांपेक्षा हळू होते आणि लहान लहान टप्प्यांनी होते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. ज्यांचे खरोखरच थांबते, त्यांच्या सरावाच्या डायऱ्या मागे जाऊन चाळल्या तर मैलांचा आकडा क्वचितच गुन्हेगार निघतो. ते मैल किती घाईने चढवले, कोणत्या वेगाने धावले आणि पोटात काय घालून धावले, तिथे कारण सापडते.

या वादात दोन्ही बाजू मोठी नावे पुढे करतात, म्हणून तीही पाहून घेऊ. जिम रायन हा कॅन्ससमधल्या विचिटा ईस्ट शाळेचा मुलगा. १९६४ मध्ये, १७ व्या वर्षी, त्याने मैल ३:५९.० मध्ये धावला. शाळकरी मुलाने चार मिनिटांच्या आत मैल धावण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याचे प्रशिक्षक बॉब टिमन्स त्याच्याकडून एकाच सत्रात पाव मैल ४० वेळा धावून घेत. आज कुठल्याही शाळेत फळ्यावर असे सत्र लिहिले तर संध्याकाळपर्यंत पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत असतील. पण पुढच्या वर्षी रायनने ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला हरवून ३:५५.३ ची वेळ दिली, आणि कॅन्सस विद्यापीठात गेल्यावर १९६६ मध्ये ३:५१.३ चा जागतिक विक्रम केला. १९६७ मध्ये तो ३:५१.१ वर आणला, आणि ही वेळ १९७५ पर्यंत कोणाला मोडता आली नाही. म्हणजे कॉलेजात सुधारला का, तर नक्कीच सुधारला. मात्र १९६८ च्या ऑलिंपिक रौप्यपदकानंतर, १९६९ मध्ये, २२ व्या वर्षी एक शर्यत अर्धवट सोडून तो दीडेक वर्ष खेळापासून दूर राहिला, आणि मैलाची त्याची सर्वोत्तम वेळ विसाव्या वर्षाचीच राहिली. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजूंना हवा तो पुरावा सापडतो.

गेरी लिंडग्रेनचेही तसेच. स्पोकेनच्या रॉजर्स शाळेत असताना, १९६४ मध्ये, त्याने ५००० मीटर १३:४४.० मध्ये धावले. तो शालेय विक्रम चाळीस वर्षे टिकला. २००४ मध्ये गेलन रपने १३:३७.९१ धावून तो मोडला. लिंडग्रेन स्वतः आठवड्याला २०० मैलांहून जास्त धावल्याचे सांगत असे. तो आकडा मी कोणत्याही मुलासमोर उच्चारत नाही. पण वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात त्याने एनसीएएची, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेची, ११ वैयक्तिक विजेतेपदे मिळवली आणि १९६५ मध्ये ऑलिंपिक विजेत्या बिली मिल्ससोबत सहा मैलांचा जागतिक विक्रम केला, हे कागदावर आहे. कॉलेजात तो विझला असे कोणी म्हणू शकत नाही.

उलट बाजूला जर्मन फर्नांडिस आहे. २००८ च्या कॅलिफोर्निया राज्य स्पर्धेत त्याने एकाच दिवशी १६०० मीटर ४:००.२९ आणि ३२०० मीटर ८:३४.२३ मध्ये धावले. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, त्याने १५०० मीटरचे एनसीएए विजेतेपद जिंकले. मग दुखापती सुरू झाल्या आणि एकामागून एक येत राहिल्या. लोक एवढेच लक्षात ठेवतात की ‘शाळेत चमकला आणि कॉलेजात संपला’. पहिल्या वर्षी तो राष्ट्रीय विजेता झाला होता, हे सांगायचे राहून जाते. आणि अगदी अलीकडचा निको यंग पाहा. न्यूबरी पार्क शाळेतून देशातला अव्वल मुलगा म्हणून तो नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात गेला. २०२४ मध्ये १०,००० मीटर २६:५२.७२ मध्ये धावून त्याने कॉलेज विक्रम केला, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावला.

मी ही नावे घेतली ती त्यांवरून निकाल देता येत नाही हे दाखवण्यासाठी. सतराव्या वर्षी देशात पहिला असलेला मुलगा त्या वर्षी सगळे जुळून आल्यामुळे पहिला असतो. शरीर लवकर भरलेले, हिवाळा बिनदुखापतीचा गेलेला, घरी झोप आणि जेवण वेळेवर, प्रशिक्षक नीट. त्याच्यापुढे पुढच्या वर्षी याहूनही चांगले जुळून येण्याची शक्यता मुळातच कमी असते. तो थोडा मागे आला की दोष मायलेजला दिला जातो. आणि आठवड्याला २५ मैल धावून, मध्यम वेळा देऊन, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी धावणेच सोडून दिलेली शेकडो मुले असतात. त्यांच्याबद्दल कोणी म्हणत नाही की कमी मायलेजने त्यांचे नुकसान झाले. आपण ज्यांना ओळखतो त्यांचीच गणती करतो.

(वेळांची तुलना करताना बुटांचाही विचार करा. २०२० नंतर नव्या फोमचे आणि प्लेटचे स्पाइक्स, म्हणजे ट्रॅकवर धावायचे खिळ्यांचे बूट, सगळीकडे आले. त्याआधीच्या आणि नंतरच्या शालेय वेळा एकाच रांगेत मांडू नयेत.)

आता मुख्य हिशेब. समजा दोन मुले आहेत आणि दोघेही ३२०० मीटर ९:१२ मध्येच धावतात. एक आठवड्याला ३५ मैल करतो, दुसरा ७०. कॉलेजचे बरेच प्रशिक्षक पहिल्यावर बोट ठेवतात, कारण त्याचे मायलेज दुप्पट करायला जागा आहे. हे अर्धे खरे आहे. जागा आहे, पण ती वापरता येईल का हे अजून कोणालाच ठाऊक नाही. त्याच्या नडग्या, टाचेच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे), पावलाची हाडे यांनी तो भार कधी पाहिलेलाच नाही. कॉलेजात आलेल्या नव्या मुलांमध्ये मला सगळ्यात जास्त स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला पडणारी बारीक चीर) दिसले ते याच गटात: ३५–४० मैलांवरून आलेली, आणि पहिल्या सहा आठवड्यांत बावीस वर्षांच्या मुलांच्या मागे ७५ मैल धावू लागलेली. दुसऱ्या मुलाला, म्हणजे ७० मैलवाल्याला, मैल वाढवून फारसे मिळणार नाही. पण तो पहिल्या दिवसापासून गटासोबत काम करू शकतो, आणि सलग बारा महिने न थांबता केलेल्या कामाइतके मोल दुसऱ्या कशालाही नाही.

मग ७० मैलवाल्याची सुधारणा कुठून येणार? इथे पॉला रॅडक्लिफचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ती इंग्लंडची, १९९२ ची क्रॉस कंट्रीतली (माळरान-टेकड्यांवरच्या शर्यतीतली) ज्युनियर विश्वविजेती, म्हणजे किशोरवयातच शिखरावर पोचलेली मुलगी. तिची प्रयोगशाळेतली मोजमापे वर्षानुवर्षे एकाच शास्त्रज्ञाने, अँड्र्यू जोन्स यांनी केली. प्राणवायू वापरण्याची तिची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, किशोरवयापासून २००३ पर्यंत जवळपास तिथेच राहिली. वाढली ती काटकसर. ठरावीक वेगाने धावायला तिला लागणारा प्राणवायू त्या काळात सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. २००३ मध्ये तिने मॅरेथॉन २:१५:२५ मध्ये धावली. किशोरवयात भरपूर धावलेल्या मुलाचे इंजिन बऱ्यापैकी तयार झालेले असते हे मान्य, पण त्यातून निघणारा वेग पुढची दहा वर्षे वाढू शकतो. थ्रेशोल्डचा वेग, म्हणजे न दमता बराच वेळ टिकवता येणारा जास्तीत जास्त वेग, वाढतो, पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकते, शर्यतीच्या शेवटच्या भागातही शरीराची ठेवण मोडत नाही. हे सगळे वर्षांनी येते आणि दर वर्षी थोडे थोडे येते.

म्हणून मी नवा मुलगा पाहताना मायलेजचा आकडा बाजूला ठेवतो आणि यादी करतो की याने अजून काय वापरलेले नाही. वजनांचा नियमित व्यायाम केला आहे का? दिवसातून दोनदा धावला आहे का? उंचावर राहून सराव केला आहे का? तीस-चाळीस मिनिटांचा सलग टेम्पो, म्हणजे एकसारख्या जोरकस वेगाने धावणे, त्याला माहीत आहे का? ८०० मीटर मनापासून धावून पाहिले आहे का? शाळेत ७० मैल करून यातले एकही केलेले नसेल तर त्या मुलाकडे खूप काही शिल्लक आहे. ५० मैलांतच यातले सगळे वापरून झाले असेल, वर शुद्ध आहारापासून मालिशपर्यंत व्यावसायिक खेळाडूचा दिनक्रम चालू असेल, तर मला जास्त काळजी वाटते.

आता तुमच्या मुलाकडे येतो. त्याचे ७० मैल मला खटकत नाहीत. खटकतात ते ४० वरून ७० वर एका उन्हाळ्यात जाणे आणि त्याला लगेच मिळालेले बक्षीस. ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी सुधारणा धावण्यात एखाद्या वेळेस होते, आणि तीच धोक्याची असते, कारण मुलाच्या मनात पक्के बसते की मैल वाढवले की सेकंद उतरतात. पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतःच ९० कडे जाईल. हृदय आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत नव्या भाराला जुळवून घेतात. हाडे आणि कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे मुलाला आतून जोर वाटत असतो आणि त्याच वेळी नडगीत काहीतरी मागे पडत असते. ते कळते सहा-आठ महिन्यांनी.

माझा ढोबळ चढ असा असतो: नववीत २५ ते ३०, दहावीत ३५ ते ४५, अकरावीत ४५ ते ५५, बारावीत ५५ ते ६५ मैल, तेही ज्याचे शरीर साथ देते त्यालाच. हा काही नियम नाही. काही मुले बारावीत ४५ वर उत्तम चालतात आणि मी त्यांना हात लावत नाही. पण चार वर्षांत चढायचा जिना एका उन्हाळ्यात चढलेल्या मुलाला मी पुढचे वर्षभर आणखी एकही मैल देत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते शाळेतल्या मुलांचे सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. ९:१२ धावणारा मुलगा साधारण ४:३८ च्या मैलवेगाने शर्यत धावतो. त्याचे हलके धावणे मैलाला ६:४५ ते ७:३० असायला हवे, आणि कठीण सत्राच्या दुसऱ्या दिवशी त्याहूनही हळू चालेल. पण पाच-सहा मुले एकत्र निघाली की पहिल्या दोन मैलांनंतर वेग आपोआप चढतो. प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा अर्धे पाऊल पुढे. मग रोजचे ‘हलके’ धावणे ६:१० ने होते. हे ७० मैल आणि खरोखर हलके ७० मैल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात मुलगा आठवड्यातून सहा दिवस छोटी शर्यत धावतो आहे. अशा मुलाचे मायलेज निम्मे करणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. त्याला ३५ मैल दिले तर तो ते सगळे ५:५० ने धावेल. घड्याळातले मागच्या महिन्याचे आकडे उघडून पाहा. सर्वात हळू आणि सर्वात जलद धावण्यात फरकच दिसत नसेल तर पहिले काम ते आहे.

तिसरी गोष्ट वाढीची. मुलांची उंची सर्वात वेगाने वाढते ती साधारण १४ च्या आसपास, मुलींची १२ च्या आसपास. पण काही मुले १६–१७ पर्यंत उंच होत राहतात. उंची वाढते तेव्हा हाड आधी लांब होते आणि त्यात खनिजे नंतर भरतात, त्यामुळे मधले काही महिने हाड तुलनेने कच्चे असते. तुमच्या मुलाची उंची गेल्या वर्षभरात किती वाढली हे तुम्ही लिहिलेले नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून दर दोन महिन्यांनी मोजा. अर्धा-पाऊण इंच उडी दिसली तर तो काळ मैल वाढवण्याचा नाही, उलट दहा-पंधरा टक्के कमी करण्याचा आहे. गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखू लागली तर ती वाढीची खूण समजा आणि तसेच रेटू नका.

झोपेवर मी फार बोलत नाही, कारण पालकांना ते माहीत असते. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी. ७० मैल धावणाऱ्याला त्यातला वरचा आकडा. रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे साडेपाचला धावणे हे दोन्ही एका मुलाकडून होणार नाही.

आता मुलीबद्दल. तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत केला आहे, पण मला तिच्याबद्दलच जास्त लिहायचे आहे.

मुलींच्या बाबतीत नववीत आलेली सर्वोत्तम वेळ अनेकदा दोन वर्षे परत येत नाही. शरीर बदलते, कंबर रुंदावते, वजन वाढते, आणि त्या वजनाला उचलणारी ताकद मागाहून येते. हा काळ काहींसाठी सहा महिन्यांचा असतो, काहींसाठी दोन वर्षांचा. या काळात वेळ स्थिर राहिली किंवा थोडी घसरली तरी काही बिघडलेले नसते. त्यातून शांतपणे बाहेर आलेली मुलगी १९–२० व्या वर्षी नववीपेक्षा कितीतरी पुढे असते. पण या दोन वर्षांत घरात किंवा मैदानावर कोणी वजनाचा विषय काढला, मागच्या वर्षीच्या वेळेची आठवण करून दिली, किंवा उत्तर म्हणून मैल वाढवले, तर मुलगी जेवण कमी करू लागते. आणि सर्वात वाईट भाग हा की सुरुवातीला ते उपयोगी पडल्यासारखे दिसते. तीन-चार महिने वेळ उतरते. सगळे कौतुक करतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशी एक मुलगी होती. एका मोसमात ती सारखी सुधारत गेली आणि प्रत्येक शर्यतीनंतर मी तिची पाठ थोपटली. तिची पाळी कित्येक महिन्यांपासून बंद होती. मी कधी विचारले नाही, कारण मला तो माझा विषय वाटला नाही. वसंतात तिच्या मांडीच्या हाडाच्या मानेला, खुब्याजवळ, स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. ही जागा नडगीसारखी नसते. तिथले हाड सरकले तर शस्त्रक्रिया लागते आणि आयुष्यभराचा त्रास राहू शकतो. ती त्यातून बरी झाली, पण कॉलेजात कधी धावली नाही. त्यानंतर मी प्रत्येक मुलीच्या आईशी पहिल्याच महिन्यात पाळीबद्दल बोलतो, आणि त्यात मला आता कोणताही संकोच वाटत नाही.

तुम्हाला पाहायचे ते एवढे. १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत पाळी सुरू झाली नाही तर डॉक्टरांकडे जा. सुरू होऊन सलग तीन महिने चुकली तरीही जा. ‘धावणाऱ्या मुलींचे असेच असते’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. खर्च होणाऱ्या ऊर्जेइतके अन्न पोटात जात नाही, याची ती खूण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिले, आणि ती मुलांमध्येही होते. त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते, म्हणून उशिरा कळते: सतत थकवा, चिडचिड, सर्दी बरी न होणे, सकाळी अंग जड असणे. आयुष्यभराचा हाडांचा साठा बहुतांशी विशीच्या आतच भरतो. या वर्षांत तो रिकामा राहिला तर पुढे तो पुरता भरून काढता येत नाही. दोन्ही मुलांचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, वर्षातून दोनदा तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकते, आणि मग मुलगा किंवा मुलगी विनाकारण मंदावते आणि सगळे मायलेजवर वाद घालत बसतात.

मुलींच्या बाबतीत एक समजूत अनेक वर्षे होती की फूट लॉकरची राष्ट्रीय शालेय क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकणारी मुलगी कॉलेजात मागे पडते. ही स्पर्धा १९७९ पासूनची आहे, आणि तिच्या एकाही विजेतीने एनसीएए क्रॉस कंट्रीचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले नव्हते. २०११ ची विजेती मॉली सायडेल हिने नोत्र दाम विद्यापीठाकडून धावताना २०१५ मध्ये ते मिळवले आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक घेतले. तिने खाण्याच्या विकाराशी झालेल्या आपल्या झुंजीबद्दल जाहीरपणे सांगितले आहे, आणि उपचारांसाठी ती मध्ये थांबली होती. मला त्या थांबण्याचे मोल पदकाइतकेच वाटते.

तर मुलीसाठी: ३५ मैल नववीत माझ्या मापाने वरच्या बाजूला आहेत. ३० वर आणा, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी द्या, आणि दुसरा एखादा खेळ चालू असेल तर तो बंद करू नका. चेंडूचा खेळ असेल तर उत्तमच. उड्या आणि दिशा बदलत पळणे यांनी हाड जितके मजबूत होते तितके सरळ धावण्याने होत नाही.

मुलासाठी पुढचे वर्ष असे आखा. मैल ५५ ते ६० वर आणा आणि तिथेच स्थिर ठेवा. तीन मोसम आहेत, शरदातली क्रॉस कंट्री, हिवाळ्यातली इनडोअर आणि वसंतातली आउटडोअर. तिन्हींमध्ये जीव तोडून शर्यती धावायच्या नाहीत. हिवाळा शर्यतींशिवाय जाऊ द्या. क्रॉस कंट्रीनंतर दोन आठवडे आणि आउटडोअरनंतर दोन आठवडे धावणे पूर्ण बंद. या सुट्टीला मुले फार घाबरतात, पण १७ व्या वर्षी दोन आठवड्यांत जे जाते ते महिन्याभरात परत येते. आठवड्यातून दोनदा हलक्या धावण्यानंतर १०० मीटरच्या सहा-आठ स्ट्राइड्स, म्हणजे जलद पण सैल अंगाने मारलेल्या छोट्या धावा. वजनांचा साधा व्यायाम आठवड्यातून दोनदा. आणि वसंतात त्याला ३२०० सोडून ८०० आणि १६०० धावू द्या. लांब पल्ल्याच्या मुलांचा कॉलेजात अंत होतो तो शेवटच्या ४०० मीटरमध्ये, जेव्हा समोरचा ५४ सेकंदांत फेरी मारतो आणि यांच्याकडे ६० च असतात. तो वेग १६ व्या वर्षी पेरला तर २१ व्या वर्षी उगवतो. दिवसातून दोनदा धावणे, उंचावरची शिबिरे, ८०–९० मैल हे सगळे कॉलेजसाठी राखून ठेवा.

आणि कॉलेजचे पहिले वर्ष. बहुतेक घसरणी तिथेच होतात आणि त्यांचा शाळेच्या मायलेजशी संबंध अगदी थोडा असतो. घर सुटते, झोप एक वाजेपर्यंत लांबते, भोजनगृहात काय खायचे हे कोणी सांगत नाही. शाळेतला पहिला मुलगा इथे संघात पंधरावा असतो. शर्यती लांब होतात: शाळेत क्रॉस कंट्री ५ किलोमीटरची आणि ट्रॅकवर ३२०० मीटरची, इथे ५ आणि १० हजार मीटर ट्रॅकवर. एनसीएएने सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली आहे, पण मुले एकमेकांशी चुरशीने जे धावतात ते त्यात मोजले जात नाही. या वर्षी वेळ सुधारली नाही तर मी काळजी करत नाही. दुखापत नसेल, झोप असेल आणि मुलगा मैदानावर हसत येत असेल तर दुसऱ्या वर्षी वेळ उतरते. ॲलन वेबने २००१ मध्ये शाळेत असताना मैल ३:५३.४३ मध्ये धावला. कॉलेज त्याला रुचले नाही आणि एकाच वर्षात त्याने ते सोडले. मधली काही वर्षे अडखळत गेली आणि ३:४६.९१ चा अमेरिकी विक्रम त्याने २००७ मध्ये केला. सहा वर्षे लागली.

फोन करणाऱ्या प्रशिक्षकांना तुम्ही दोन प्रश्न विचारा. पहिला: तुमच्याकडे चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी आज किती जण धावत आहेत, आणि जे नाहीत ते का नाहीत? चांगला प्रशिक्षक एकेक मुलगा आठवून सांगतो. दुसरा: माझा मुलगा ६० मैलांवरून येतो आहे, पहिल्या शरदात तुम्ही त्याला किती द्याल? ‘आमच्या गटात सगळे ८५ करतात’ असे उत्तर आले तर शिष्यवृत्ती कितीही असो, दुसऱ्या कॉलेजकडे पाहा. ‘पहिल्या वर्षी तेवढेच, मग बघू’ असे म्हणाले तर मुलाची पूर्ण डायरी त्यांना पाठवा, चुकलेल्या आठवड्यांसकट. त्यात गेल्या उन्हाळ्यातली ४० ते ७० ची उडीही दिसू द्या. ती लपवली तर त्यांना वाटेल की हे मैल चार वर्षांचे मुरलेले आहेत, आणि ते त्यावरच पुढचा मजला चढवतील.